दावणीला बांधलेली गाडी

रिक्षावाल्याने चामटोली गावातच रिक्षा थांबवली आणि पुढे यायला साफ नकार दिला. वाडीचा रस्ता म्हणजे नुसते दगड, टायर फाटला तर कोण भरून देणार, म्हणाला. भारतीने त्याला दोन शिव्या हासडल्या. त्या त्याने ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या आणि रिक्षा वळवून निघून गेला. मग भारतीने एका खांद्यावर कपड्यांची पिशवी अडकवली आणि दुसऱ्या खांद्यावर नवऱ्याला घेतले. चांगोचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. उल्हासनगरच्या दवाखान्यातून सकाळीच सुट्टी मिळाली होती, पण सुट्टी मिळाली म्हणजे पाय बरा झाला असे थोडेच आहे. दर पावलाला कळ थेट डोक्यात जात होती.

वाडीवर जायची वाट हिंदुरावाच्या गोठ्यासमोरून होती. दुसरी वाट नव्हती. ठाकर आदिवासींची ती वीसेक घरे वर डोंगराच्या उतारावर, आणि खालची सगळी जमीन हिंदुरावाची. निम्मी जमीन बिल्डरांच्या घशात गेली होती, त्यातून त्याच्या गळ्यात जाडजूड साखळी आली होती आणि दारात दोन टेंपो. पण माणसाचा जीव अडकला होता तो गोठ्यात. पाखऱ्या हे त्याच्या शर्यतीच्या बैलाचे नाव. हिंदुरावाला पोटी पोर नव्हते, होता तो पुतण्या अल्पेश, आणि अल्पेशपेक्षा पाखऱ्या त्याला जवळचा होता हे अल्पेशसुद्धा सांगे.

गोठ्याच्या दारात चांगोने मान वर केली आणि तो जागीच थबकला. पाखऱ्याच्या खुंट्याला, पाखऱ्याच्याच दाव्याने, त्याची मोटरसायकल बांधून ठेवली होती. पुढचे शॉकप वाकलेले, टाकी चेपलेली, हेडलाइटच्या जागी नुसते भोक. पुढे वैरणीची पेंढी टाकलेली. आणि पलीकडे, छताच्या पाइपला साखळ्या लावून बारदानाच्या झोळीत पाखऱ्या टांगलेला होता. पुढचा डावा पाय प्लास्टरमध्ये, मान खाली.

"ये चांग्या, ये," हिंदुराव आतून म्हणाला. तो बैलाच्या पाठीवरच्या माश्या उडवत होता. "बग तुजी गाडी कशी खुट्याला बांदलीय. खात नाय, पित नाय, शेन पन टाकत नाय. लय गरीब जनावर हाय."

"शेठ, चूक झाली. पाया पडतू."

"पाया कशाला पडतंस? पाय हाय कुटं तुना?"

अल्पेश फिदीफिदी हसला. हिंदुराव हसला नाही. तो बाहेर आला आणि चांगोच्या तोंडासमोर तोंड नेऊन हळू आवाजात बोलला. "गावदेवीच्या म्होरं नारल फोडलाय मी. चार मानसा व्हती. पाखऱ्या चार पायांवर उबा राहिला त तुजी गाडी तुना. मेला त त्याच्या खड्ड्यात ही गाडी टाकीन. आन गाडीच्या आदी तुजा दुसरा पाय तोडीन. समजलास?"

"आताच तोडूया ना, काका. बाद में क्या, अब्बी के अब्बी," अल्पेश म्हणाला आणि त्याने चांगोच्या प्लास्टरवर लाथ घातली.

चांगो जनावरासारखा ओरडला आणि शेणात आडवा झाला. भारतीने खांद्यावरची पिशवी गरकन फिरवून अल्पेशच्या तोंडावर मारली. आत स्टीलचा डबा होता. अल्पेशचा ओठ फुटला. त्याने तिचे केस धरून तिला गुडघ्यावर आणले आणि हात उगारला.

"सोड तिना," हिंदुराव म्हणाला. "उद्यापासना शेन कोन काडनार? हीच काडनार. आन ह्यो बैलाजवल बसनार. ज्यानं मोडला त्यानं राखायचा."

ज्याच्या हातून दुसऱ्याचे जनावर मोडले त्याने ते उभे राहीपर्यंत राखायचे, ही त्या भागातली जुनीच रीत. त्यात अन्याय आहे असे चांगोलाही वाटले नाही. त्याला भीती वाटत होती ती दुसऱ्या पायाची.

झाले होते ते असे. शर्यतीच्या बैलाला सराव द्यायचा म्हणजे छकड्याला जुंपून माळावर पळवायचे आणि बाजूने मोटरसायकल पळवायची. गाडीवाला हॉर्न दाबून धरतो आणि बैल गाडीच्या पुढे जायला जिवाचे रान करतो. हिंदुरावाचा गाडीवाला चांगो. त्यासाठी हिंदुरावाने स्वतः उल्हासनगरच्या बाजारातून दोन भोंग्यांचा हॉर्न आणून चांगोच्या गाडीला बसवला होता, सगळ्या रस्त्यात तसा आवाज दुसऱ्या गाडीला नव्हता. पुढे पुढे पाखऱ्याला चाबूक दाखवायचीही गरज राहिली नाही. तो हॉर्न वाजला की पाखऱ्या सुटायचा आणि चांगोच्या उजव्या अंगाला आपली जागा धरायचा. पळताना एक डोळा चांगोकडे असायचा. चांगोला त्या डोळ्याचा फार अभिमान होता, बायकोजवळसुद्धा तो बैलाचीच गोष्ट सांगत बसे.

त्या दिवशी सकाळी तो अंबरनाथ एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून कात्रपवरून घरी येत होता. डोळ्यांवर झोप होती. गावाआधीच्या वळणावर त्याने सवयीने हॉर्न दिला. वळणावर हॉर्न द्यायचाच असतो. पलीकडून अल्पेश पाखऱ्याला पाणी दाखवून आणत होता, कासरा मनगटाला नुसता गुंडाळलेला आणि दुसऱ्या हातात मोबाइल. हॉर्न ऐकताच पाखऱ्याने कासरा हिसडला. तो गाडीच्या दिशेने धावत आला आणि भर रस्त्यात वळला, आपली उजव्या अंगाची जागा घ्यायला. गाडी त्याच्या पुढच्या पायावर बसली. चांगो खाली, त्याच्यावर गाडी, आणि गाडीवर बैल.

मोबाइलची गोष्ट अल्पेशने कोणाला सांगितली नाही. चांगोनेही सांगितली नाही, कारण सांगून ऐकणार कोण होते?

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. भारती उजाडता खाली उतरे. शेण काढायचे, मूत धुवायचे, वैरण कापायची, झोळीखाली राख पसरायची. चांगोला ती आधी पाठीवर घेऊन खाली आणी आणि बैलाच्या तोंडाशी बारदानावर बसवी. त्याने दिवसभर माश्या वारायच्या, काचलेल्या कातडीला हळद आणि तेल लावायचे, बैलाची मान मांडीवर घेऊन गूळपाणी पाजायचे. ढोरांचा डॉक्टर येऊन प्लास्टर घालून गेला होता. जाताना त्याने हिंदुरावाला बाजूला घेऊन सांगितले होते, एवढे वजनदार जनावर, पाय धरेल असे वाटत नाही, त्याला हालात ठेवू नका. हिंदुरावाने त्याच्या गाडीवर दगड मारला होता.

वर डोंगरात चांगोच्या चार वाफ्यांमधले भात पिकून लवले होते. चांगोची म्हातारी आई, आवडी, एकटीच विळा घेऊन कापायला बसे. तिचे बोट कापले, त्याला चिंधी बांधून पुन्हा बसली. दाणे गळायला लागले होते आणि आभाळ दुपारनंतर काळे होत होते. भारती संध्याकाळी वर आली की अंधार पडेपर्यंत कापी. तिच्या अंगाला शेणाचा वास असा चिकटला होता की भाकरीलाही तोच येई.

अल्पेश गोठ्यात दिवसातून चार वेळा डोकावे. ओठावर खपली होती आणि ती तो विसरू देत नव्हता. कधी चांगोच्या पाण्याच्या लोट्यात सिगारेट विझवी. कधी कुबडी लांब नेऊन ठेवी, मग लघवीला जायचे तर चांगोला शेणातून ढुंगणावर घसटत जावे लागे. एकदा मित्रांना घेऊन आला आणि मोबाइलवर त्याचे शूटिंग केले. "हा बघा आमचा दुसरा बैल," म्हणाला. चांगोने मान वर केली नाही. पाखऱ्याच्या कपाळावर कपाळ टेकून तो बसून राहिला. रडला ते कोणाला दिसू दिले नाही.

आणि हे सगळे पोटात साठवून तो घरी नेई. त्या संध्याकाळी एमआयडीसीतल्या ठेकेदाराचा फोन आला होता. चांगोच्या जागी दुसरा माणूस लावला होता, बरा झालास की बघू, म्हणाला. चांगोने फोन ठेवला. भारती चुलीपुढे बसली होती, हाताला भाताच्या धसांनी चरे पडले होते.

"मरू दे तो बैल एकदाचा," ती म्हणाली. "त्याचा पन सुटका आन आपला पन. तू नुसता सांग, मी उद्या गुलपान्याबरूबर काय तरी चारतू त्याना, आन कोनाला कलायच्या आदी निगून जाऊ."

चांगोने कुबडी उचलली आणि तिच्या पाठीत घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा. "माज्या पाखऱ्याला इख घालतंस? इख घालतंस?" आवडी "अरं, अरं" करत मध्ये आली, तिलाही एक लागली. तिसऱ्या वेळी भारतीने कुबडी हवेतच धरली, हिसकावली आणि तिचे टोक त्याच्या प्लास्टरवर टेकून सगळ्या अंगाचा भार टाकला. चांगोचे डोळे पांढरे झाले.

"अल्पेश लात मारतो तवा तोंड शिवलेला असतो तुजा," ती दातांतून बोलली. "आन घरी येऊन मना मारतंस? त्या गोट्यात मी कोनासाटी शेन काडतू? बैल मेला की तुजा दुसरा पाय जानार, मना काय ठावं नाय? म्हून बोलत व्हती, की त्याच्या आदी आपन हितना निगून जाऊ. कर्जतला माजी बहीन हाय. पन तू त्या ढोराला सोडून हलनार हायस का?"

चांगो हलणार नव्हता. ते त्यालाही माहीत होते आणि तिलाही. तिने कुबडी बाजूला टाकली आणि तोंडाला पदर लावून रडली. जेवायला वाढताना तिने त्याच्या पानात पहिली भाकरी टाकली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पाठीवरचे वळ बघायला त्याने हात पुढे केला तर तिने झटकला.

बैल जगवायचा, तरच पाय वाचेल. चांगोने दुसऱ्या सगळ्या गोष्टी डोक्यातून काढून टाकल्या. आणि पाखऱ्या थोडा सावरलाही. गूळपाण्याबरोबर पेंड खाऊ लागला. काचलेली जागा सुकली. चांगो हात लावी तेव्हा कातडी थरथरे, म्हणजे जीव धरून होता. मान मात्र वर करत नव्हता. चांगोला वाटे, हाड सांधले की मानही उचलेल. तेवढा वेळ कोणी दिला पाहिजे.

वेळ दिला नाही तो हिंदुरावाने. शर्यतींचे दिवस सुरू झाले होते. एका दुपारी वांगणीकडचा धर्मराज आला. त्याचा बैल दोनदा पाखऱ्याच्या मागे राहिला होता. तो बैलाला बघायला आला म्हणजे खरोखरच वाईट वाटून आला होता, पण ज्याने आपल्याकडून हार खाल्ली त्याची कीव सोसत नाही. त्याने पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला आणि उसासा टाकला.

"हिंदुरावशेठ, यानं मान टाकली. शर्यतीचा बैल मान टाकतो तवा मनानं मेलेला असतो. आता ह्यो उबा राहत नाय. सोडा त्याना."

धर्मराजची गाडी जाईपर्यंत हिंदुराव दारात हसत उभा होता. मग आत आला. चेहरा लालबुंद. खिशातून त्याने मोटरसायकलची चावी काढली.

"चांग्या, गाडीवर बस."

"कशाला, शेठ?"

"हॉर्न वाजव. त्याना ऐकू दे. तुजा हॉर्न ऐकला की तो मान उचलंल. मना म्हायीत हाय माजा बैल. त्याना वाटतंय शर्यत संपली. नाय संपली, सांग त्याना."

चांगोने चावीला हात लावला नाही. "नको, शेठ. हाड अजून कच्चा हाय. तो उटनार नाय, तो पलंल. त्याना उबं राहायला कोनी शिकवलंच नाय, हॉर्नवर पलायलाच शिकवलंय. मीच शिकवलंय."

"बस बोलतू ना!"

"नाय वाजवनार."

पहिला फटका चाबकाच्या दांड्याचा, कानावर. दुसरा तोंडावर. चांगोचा दात हलला आणि तोंडात रक्त आले. तो "नाय" म्हणतच होता. हिंदुराव मारत होता आणि मारताना रडत होता. "उटव त्याना! तुज्यामुले पडला, तूच उटव!" अल्पेशने मागून बगलेत हात घालून चांगोला फरपटत नेले आणि गाडीवर आडवे टाकले. प्लास्टर खुंट्यावर आपटले. हिंदुरावाने चावी फिरवली. गाडीचे सगळे मोडले होते, बॅटरी तेवढी जिवंत होती. त्याने चांगोचा अंगठा धरून हॉर्नच्या बटणावर ठेवला आणि वरून स्वतःचा पंजा दाबला.

गोठा त्या आवाजाने दणाणला.

पाखऱ्याचे कान उभे राहिले. मान उचलली गेली, कितीतरी दिवसांनी, आणि हिंदुराव आनंदाने ओरडला, "बग! बग!" बैलाचा एक डोळा चांगोकडे वळला. मग तो सुटला. झोळीतल्या झोळीत त्याने चारी पाय मारले. साखळ्या ताणल्या, पाइप वाकला, एक कडी तुटली आणि सगळे वजन प्लास्टरच्या पायावर आले. लाकूड मोडावे तसा आवाज झाला. हाड कातडीतून बाहेर आले, तरी तो पळतच होता. एका अंगावर पडला, तसाच पडल्या पडल्या पळत राहिला. मागचे खूर जमीन खणत होते आणि रक्त भिंतीवर उडत होते.

"बंद करा! शेठ, हात काडा!" चांगो किंचाळत होता. हिंदुरावाचा हात निघेना. तो बैलाकडे बघत राहिला होता आणि पंजा लोखंडासारखा बटणावर बसला होता. शेवटी अल्पेशनेच वायरी धरून उपटल्या.

दारात भारती शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिने सगळे पाहिले होते.

डॉक्टर यायच्या आत बैल गेला. चांगोने घसटत जाऊन त्याचे डोके मांडीवर घेतले होते. अंगातली धाप हळूहळू कमी झाली आणि थांबली. हिंदुराव भिंतीला टेकून उभा होता. बाहेर माणसे जमली, काय झाले म्हणून विचारू लागली, तेव्हा तो दारात गेला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "चांग्यानं चावी चोरली. हॉर्न वाजवला. माजा बैल मारला."

अल्पेशने काकाकडे बघितले आणि मान खाली घातली. चांगोच्या तोंडात रक्त होते. भारतीने तोंड उघडले तेव्हा गर्दीतल्या दोघांनी तिला ढकलून बाजूला केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या शेतात जेसीबीने खड्डा खणला. पंचक्रोशीतले बैलगाडावाले आले होते. नाक्यावर पाखऱ्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. बैलाला नवी झूल घातली, गुलाल उधळला, शिंगांना हार घातले. पट्टे लावून जेसीबीने त्याला खाली उतरवले तेव्हा चांगली जाणती माणसे डोळे पुसत होती. मग पोरांनी मोटरसायकल ओढत आणली आणि काठावर टाकली.

चांगोला हिंदुरावाच्याच टेंपोतून आणले होते. भारतीला सकाळी पळून जायचे होते, पण मोडक्या पायाचा नवरा घेऊन माणूस कुठवर पळणार? अल्पेशने आणि आणखी एकाने चांगोला मातीच्या ढिगाऱ्यावर पाडले. धडधाकट डावा पाय लांब केला आणि घोट्याखाली दगड सरकवला. आवडी लांब उभी राहून छाती बडवत होती.

हिंदुरावाने पहार उचलली. गावदेवीपुढे बोललेला शब्द होता, मध्ये पडायला कोणी तयार नव्हते, आणि खरे सांगायचे तर ठाकराच्या पायासाठी मध्ये पडतो कोण?

"हात कोनाचा व्हता, शेठ?" भारती ओरडली. दोन बायांनी तिचे दंड धरले होते. "हॉर्नवर हात कोनाचा व्हता? सांगा ना, मंग मारा!"

हिंदुराव गर्रकन वळला. सगळ्यांना वाटले आता तो तिच्यावर धावून जातो. पण त्याने पहार घातली ती मोटरसायकलवर. टाकीत घातली, हॅन्डलवर घातली, मीटर फोडला, सीट फाडली. भोंगे चेचून सपाट केले. लोखंडावर लोखंड वाजत होते आणि प्रत्येक घावाबरोबर त्याच्या छातीतून हुंदक्यासारखा आवाज निघत होता. पत्रा उडून त्याच्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरले, ते त्याने पुसले नाही. गाडीत मोडायचे काही उरले नाही तेव्हा तो थांबला. मग पुन्हा चांगोपाशी आला आणि पहार डोक्यावर उचलली.

चांगोने डोळे मिटले नाहीत. त्याला खूप काही बोलायचे होते, पण सुजलेल्या तोंडातून निघाले ते एवढेच. "मी काय बोलनार नाय, शेठ. तुमी काय ते बोला."

पहार खाली आली. दगडाला घासून मातीत रुतली. पायापासून वीतभर लांब.

"नेम चुकला, काका," अल्पेश म्हणाला. हिंदुरावाने पहार उपसली, उचलली, आणि ती तशीच वर राहिली. माणसांत कुजबुज सुरू झाली. अल्पेशला ती कुजबुज झोंबली. आपल्या घराचा शब्द असा चारचौघांत लोंबकळत राहिलेला त्याला बघवेना.

"तुमच्यानं होत नाय त मना द्या." त्याने पहार काकाच्या हातातून खेचून घेतली, पाय फाकवून उभा राहिला आणि पुरी ताकद लावून घाव घातला.

हिंदुराव गुडघ्यावर कधी आला ते कोणालाच नीट कळले नाही. तो चांगोच्या पायावर पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात नडगीवर आडवा होता. पहार त्या हातावर बसली. मनगटाच्या वर हाड मोडलेले सगळ्यांनी ऐकले. हात कोपरापुढे भलत्याच बाजूला वळला.

अल्पेशच्या हातातून पहार गळाली. "काका! काका, तुमी मधीच..."

"बराबर बसला," हिंदुराव म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हाच हात व्हता. हॉर्नवर ह्योच व्हता. पोरगा नको नको बोलत व्हता, मी त्याना मारलंय. पाखऱ्या माज्या हातानं मेला."

धर्मराज गर्दीतून पुढे आला, त्याने हिंदुरावाला उठवले आणि खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हाताला बांधला. बायांनी भारतीचे दंड सोडले होते. ती धावत आली, तिने चांगोचा डावा पाय दोन्ही हातांनी चाचपून बघितला, घोटा, नडगी, गुडघा, आणि तिथेच मातीत बसून मोठ्याने रडू लागली.

जेसीबीवाला वरून ओरडला, "गाडीचं काय करायचं? टाकू का नको?"

सगळ्यांनी हिंदुरावाकडे पाहिले. हिंदुरावाने चांगोकडे पाहिले. "तुजी हाय," तो म्हणाला. "तू बोल."

चांगो खड्ड्याच्या कडेपर्यंत घसटत गेला. खाली गुलालात पाखऱ्या निजला होता. त्याचे उजवे अंग खड्ड्याच्या भिंतीला लागून होते आणि डाव्या बाजूला पुष्कळ जागा होती.

"भंगारवाला निदान काय तरी देईल," भारती नाक पुसत म्हणाली.

"टाका," चांगो जेसीबीवाल्याला म्हणाला. "त्याच्या डाव्या अंगाला टाका. त्याना एकट्याला पलायची सवय नाय." आणि इतके दिवस दाबून ठेवलेले रडे त्याने सगळ्या गावासमोर मोकळे केले.